खुर्चीवरचं विमान

अमेरिकन हवाई दलातले शिकाऊ पायलट खोलीत खुर्चीवर बसून विमान ‘उडवतात’. समोर भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर आणि स्टिक म्हणून हातात चक्क संडास तुंबल्यावर लागतो तो प्लंजर! आपल्या हॉस्टेलवर कोणी असं करताना दिसलं तर रेक्टरसर थेट घरी फोन लावतील. पण नजर कुठे, हात कुठे, हे असंच अंगात भिनतं.

पाठांतरही तसंच गमतीचं. ‘हाय टू लो, लुक आउट बिलो’ हे त्यातलं माझं फेव्हरिट. अल्टिमीटर खरं तर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. आतल्या ॲनेरॉइड कॅप्सूलची आकृती मी परीक्षेत बरोब्बर काढली होती, पण अर्थ कळला तो या यमकामुळे. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेलात आणि सेटिंग तेच ठेवलंत, की कॅप्सूल फुगते. काट्याला वाटतं, आपण वर चढलो. मग काटा जागेवर ठेवायला पायलट विमान खाली आणतो! 10 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे 300 फूट. ढगात डोंगर दिसत नाही, काटा मात्र स्वच्छ दिसत असतो.