अडगळ आणि आपलें कर्तव्य

मनुष्याचें घर कितीही लहान असो, त्यांत अडगळीला जागा मिळतेच. पोटमाळ्यावरची फुटकी पेटी, पलंगाखालचें गांठोडें, फडताळामागें उभा करून ठेवलेला मोडका आरसा, दाराआड टांगलेल्या चार पिशव्या, हें दृश्य गिरगांवच्या चाळींत जसें दिसतें तसेंच दादरच्या नव्या इमारतींतही दिसतें. 'असूं द्या, केव्हां तरी उपयोगी पडेल' हें वाक्य आमच्या आज्यांनीं टंचाईच्या दिवसांत शिकविलें, आणि त्या दिवसांत तें खरेंही होतें. परंतु सांप्रत वस्तु घरांत येण्याचा वेग इतका वाढला आहे कीं, ती उपयोगी पडण्याची वेळ येण्यापूर्वींच तिच्यावर दुसऱ्या दहा वस्तूंचा थर चढतो. तेव्हां घर वेळोवेळीं मोकळें करणें हें आवश्यक गृहकृत्य आहे, याविषयीं मतभेद नाहीं. विचार करावयाचा आहे तो पुढच्या गोष्टीचा. घरांतून बाहेर काढलेली वस्तु कोठें जाते, आणि तेथें जाऊन ती कोणाचें बरें किंवा वाईट करते, या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या भागांत या विषयाची निकड विशेष आहे. इ. स. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबई सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें 'बी. डी. डी.' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची; तेवढ्यांत तीन तीन पिढ्या नांदल्या. त्यांपैकीं वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील रहिवाशांना जुन्या खोल्यांच्या ऐवजीं ५०० चौरस फुटांचीं घरें देण्याची योजना चालू असून, ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वांटल्या गेल्या. परळ, लालबाग, गिरगांव येथील कित्येक जुन्या चाळींतूनही अशींच स्थलांतरें होत आहेत. घर बदलण्याच्या दिवशीं दोन-तीन पिढ्यांची अडगळ एकदम जिन्याखालीं येते, आणि टेंपो दाराशीं उभा असतां विचार करण्यास कोणासही सवड नसते. म्हणून विचार आधीं करून ठेवावा लागतो.

विचार न केल्यास काय होतें, हें पाहण्यासाठीं देवनारकडे दृष्टि टाकावी. मुंबईचा कचरा तेथें १९२७ पासून टाकला जात आला आणि त्याचा अक्षरशः डोंगर झाला. जानेवारी १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जानेवारी २०१६ मध्यें त्या डोंगराला मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गिरगांवांतील एखाद्या घरानें सदऱ्याबरोबर बॅटरी, बॅटरीबरोबर कांच आणि कांचेबरोबर शिळें अन्न एकाच पिशवींत कोंबून टाकलें, तर तें घर स्वच्छ होतें खरें. पण त्याची अस्वच्छता नाहींशी न होतां दुसऱ्याच्या दारीं जाऊन पडते, आणि तेथील मुलांचा अभ्यास व श्वास दोन्ही कोंडते.

आमच्या पूर्वीच्या पिढ्यांना ही अडचण फारशी नव्हती, कारण त्यांच्या घरीं वस्तु एकदम 'कचरा' होत नसे; ती पायरीपायरीनें खालीं उतरे. नऊवारी लुगडें विरलें म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडी झिजली म्हणजे पायपुसणें होई. आणि तेंही फाटलें म्हणजे त्याची चिंधी चुलीपाशीं धरणें म्हणून उपयोगी पडे. तांब्यापितळेचें भांडें फुटलें तर तें मोडींत घालावें, त्याच्या वजनाची किंमत वळती करून घ्यावी आणि नवें आणावें, असा व्यवहार होता. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन चाळीच्या जिन्यावर हांक देणारी बोहारीण तर कोणाला ठाऊक नाहीं? चार साड्या आणि दोन विजारी घेऊन एक पातेलें देतांना ती आणि घरची गृहिणी यांच्यांत जी घासाघीस चाले, ती सबंध मजला ऐके. आपण टाकून दिलेलें वस्त्र ती निवडते, धुते, सांधते आणि जुन्या कपड्यांच्या बाजारांत नेऊन विकते. त्यावर तिचें घर चालतें. या साध्या देवघेवींत एक मोठें तत्त्व सांठविलेलें आहे, त्याकडे आम्ही पुन्हां वळणार आहों.

तत्पूर्वीं परळमध्येंच घडलेली एक ऐतिहासिक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ता. ३१ जुलै १९२१ रोजीं, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशीं, परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारांत महात्मा गांधींच्या हस्तें परदेशी कापडाची मोठी होळी पेटविण्यांत आली. त्या ढिगांत उंची व नाजूक वस्त्रेंही होतीं. आज ती गिरणी नाहीं. परंतु त्या होळीवरून जो वाद झाला तो अजून विचारांत घेण्यासारखा आहे. दीनबंधु चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे गांधीजींचे जिवलग मित्र, ख्रिस्ती धर्मसेवक आणि दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजांतील एके काळचे शिक्षक. त्यांनीं गांधीजींना पत्र लिहून आपली व्यथा कळविली. दूरदेशच्या का होईना, पण आपल्याच बंधुभगिनींनीं हातांनीं निर्मिलेली वस्तु अग्नींत टाकावी हें त्यांच्या मनाला सहन झालें नाहीं. रवींद्रनाथ ठाकुरांनींही त्याच वर्षीं प्रश्न उपस्थित केला: ज्यांना अंगभर वस्त्र नाहीं, त्यांच्या हक्काचें कापड आपण जाळावें काय?

गांधीजींनीं अँड्र्यूजसाहेबांचें पत्र लपवून ठेवलें नाहीं. तें 'यंग इंडिया' पत्रांत प्रसिद्ध करून त्यांनीं त्यास उत्तर दिलें, आणि पुढें ऑक्टोबर १९२१ मध्यें रवींद्रनाथांनाही सविस्तर उत्तर दिलें. त्याचा आशय असा कीं, ज्याच्या अंगावर वस्त्र नाहीं त्याला खरी गरज कामाची आहे. त्याला काम न देतां आपले उतरलेले कपडे देणें हा त्याचा अपमान आहे, आणि आपण त्याचे उपकारकर्ते म्हणून मिरविणें हें तर पापच होय. द्यावयाचें तर आपल्याजवळचें उत्तम तें द्यावें, आणि त्याच्याबरोबर श्रम करावे.

होळी योग्य होती कीं नव्हती, हा राजकारणाचा प्रश्न आम्ही येथें सोडवीत नाहीं. आम्हांस त्यांतून दोन धडे घ्यावयाचे आहेत, आणि ते परस्परांस पूरक आहेत. अँड्र्यूज व रवींद्रनाथ यांचा धडा असा कीं, कोणत्याही वस्तूंत माणसाचे श्रम असतात. ती उपयोगाची असतां नष्ट करूं नये. गांधीजींचा धडा असा कीं, घेणाऱ्याचा मान राखल्यावांचून दिलेलें दान हें दान नव्हे. घर मोकळें करतांना हे दोन्ही धडे एकत्र पाळले, तर आपल्या हातून सहसा चूक होणार नाहीं.

आतां हेच धडे व्यवहारांत कसे उतरवावे तें पाहूं. प्रथम दानाचा विचार. जी वस्तु आपण स्वतः किंवा आपल्या भावंडानें संकोच न बाळगतां वापरली असती, तीच दान म्हणून द्यावी. डाग पडलेला सदरा, बटणें नसलेला अंगरखा, एकाच पायाचा बूट, पानें गळालेलें पुस्तक, यांना दान हें नांव देऊं नये. २००४ सालच्या डिसेंबरांत त्सुनामीच्या लाटांनीं तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झाला, तेव्हां देशभरांतून कपड्यांचे ढीग तेथें जाऊन पडले. त्यांतील पुष्कळ कपडे तेथील लोकांना वापरतां येण्यासारखे नव्हते. ते निवडून त्यांचा उपयोग करण्याचें काम 'गूंज' या संस्थेस हातीं घ्यावें लागलें. १९९९ मध्यें ही संस्था स्थापन करणारे अंशु गुप्ता यांस २०१५ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गांवकऱ्यांनीं आपल्या गांवची विहीर खणावी, रस्ता किंवा बांध दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावे. म्हणजे परळच्या वादांतील वस्त्र आणि काम हीं दोन्ही येथें एकत्र आलीं.

दान देण्यापूर्वीं विचारावें, हा दुसरा नियम. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळ येथें कर्करोग्यांची सेवा करीत आहे. तेथें दूरदूरच्या गांवांहून रोगी व त्यांचे आप्त येतात. त्या परिसरांत जीवनज्योत नांवाची धर्मादाय संस्था त्यांना विनामूल्य भोजन देते. उपयोगांत न आलेलीं औषधें आणि रोगी बालकांसाठीं खेळणीं गोळा करून वांटण्याचें कामही तिनें केलें आहे. अशा संस्थेस आज भांड्यांची गरज असेल, उद्यां पांघरुणांची. आधीं चौकशी केली तर आपली वस्तु उपयोगी पडते. न विचारतां पाठविली तर आपली अडगळ त्यांची अडगळ होते. मुदत संपलेलें किंवा फोडलेलें औषध कोणासही देऊं नये. पाठ्यपुस्तकांची गोष्ट सर्वांत सोपी: वार्षिक परीक्षा संपतांच तीं पुसून, कव्हर घालून, खालच्या वर्गांतील विद्यार्थ्याच्या हातीं द्यावीं. त्यासाठीं रुपया लागत नाहीं, आणि देणारा व घेणारा एकाच मैदानावर खेळत असल्यामुळें कोणी लहान ठरत नाहीं.

जी वस्तु वापरण्यासारखी राहिली नाहीं, ती कच्चा माल समजावी. येथें बोहारणीच्या व्यवहारांतील तत्त्व उपयोगी पडतें: आपल्याला नकोशी झालेली वस्तु दुसऱ्यास प्रामाणिक काम देऊं शकते. रद्दीवाला, भंगारवाला, कागद-कांच वेंचणाऱ्या स्त्रिया आणि धारावीचे कारागीर यांची एक मोठी सांखळी या शहरांत आहे. धारावींत प्लॅस्टिक जातीवार व रंगवार निवडतात, त्याचे तुकडे करतात, धुतात, वाळवितात आणि वितळवून त्याचे दाणे पाडतात; त्यांतून नवी वस्तु होते. पानिपतच्या कारखान्यांत जुन्या लोकरी कपड्यांचें पुन्हां सूत होतें, आणि त्याच्या घोंगड्या होतात. कागदाचा लगदा पुनःपुन्हां केला तर त्याचे तंतु आंखूड होत जातात. परंतु कांच व धातु कितीही वेळां वितळवितां येतात. या सर्वांना एकच शत्रु आहे, आणि तो म्हणजे ओला कचरा. आमटी सांडलेली रद्दी कोणीही घेत नाहीं. म्हणून सुकें वेगळें ठेवणें आणि फुटकी कांच वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यावर तसें लिहिणें, हें वेंचणाऱ्या स्त्रीच्या हातांवर केलेले उपकार नव्हेत. तो तिचा हक्क आहे. १९७५ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या स्त्री मुक्ति संघटनेनें या स्त्रियांना संघटित केलें आणि त्यांना 'परिसर भगिनी' हें नांव दिलें. तें नांव आपण घरींही वापरावें.

कांहीं वस्तु मात्र अशा आहेत कीं, त्या रद्दींतही घालूं नयेत आणि केरांतही टाकूं नयेत. जुना मोबाइल, बॅटऱ्या, संगणक, नळीचे दिवे यांत शिसें, पारा यांसारखे विषारी पदार्थ असतात. तांब्यासाठीं तारा जाळल्या म्हणजे निघणारा धूर जाळणाऱ्याच्या छातींत जातो, आणि दबलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडींत पेट घेऊं शकते. अशा मालाविषयींचे नवे सरकारी नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले असून, उत्पादकांवर त्याची जबाबदारी टाकलेली आहे. या वस्तु निराळ्या डब्यांत सांठवून नोंदलेल्या संकलन केंद्राकडेच सोंपवाव्या. आणि मोबाइल देण्यापूर्वीं त्यांतील आपली खाजगी माहिती पुसून टाकावी.

शेवटीं एक इशारा. घर मोकळें करण्याच्या उत्साहांत आजोबांची पेटी न उघडतां रद्दींत जाऊं देऊं नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या घरचीं जुनीं दप्तरें शोधीत. त्यांतूनच 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर आला आणि पुढें तिचे २२ खंड झाले. त्याच १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. गिरणीचें हजेरीचें कार्ड, चाळीच्या गणेशोत्सवाची वर्गणीची पावती, नाटकाची जाहिरात, गांवाहून आलेलीं पत्रें, हीं आज क्षुल्लक वाटतात; परंतु परळ-लालबागच्या कामकऱ्यांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास तींच लाखमोलाचीं ठरतील. तीं घरांतील वडील माणसांना दाखवावीं, कोणाचीं व केव्हांचीं तें विचारून मागें लिहून ठेवावें, आणि मगच त्यांविषयीं निर्णय घ्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत आपापल्या घरीं एकच फडताळ घ्या. त्यांतील वस्तूंचे पांच भाग करा: ठेवावयाच्या, दुरुस्त करावयाच्या, द्यावयाच्या, विकावयाच्या आणि सांभाळून सोंपवावयाच्या. प्रत्येक वस्तु हातीं घेऊन दोन प्रश्न विचारा: ही कोणाच्या श्रमानें झाली? आणि आतां ही ज्याच्या हातीं जाईल, त्याचा मान राहील काय? वडील माणसांची अनुमति घेतल्यावांचून कोणतीही वस्तु उंबरठ्याबाहेर नेऊं नका, हें सांगणें नलगे. असें एक फडताळ नीट रिकामें झालें, तर पुढचें घेणें सोपें जाईल. आणि बाजारांत नवी वस्तु विकत घेतांना हात आपोआप थोडा थांबेल. आमच्या मतें या सर्व खटाटोपाचें मोठें फळ तेंच होय.