उसाच्या मुरघासाला दारूचा वास का?

प्रश्न : मक्याच्या मुरघासात आम्ही गूळ आणि मीठ घालतो. यंदा तोड लांबली, म्हणून राहिलेल्या उसाची कुट्टी करून त्याच पद्धतीने बॅगा भरल्या. बॅग उघडताच दारूचा भपकारा आला. म्हशी झिंगतील का? पुढच्या वेळी काय घालावे?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : म्हशी झिंगणार नाहीत. मुरघासातला मद्यार्क कोठीपोटातले जंतू आणि यकृत मिळून पचवतात. पण त्या वासाबरोबर तुमचे पैसे उडून चालले आहेत, ते कसे ते पाहा.

मुरघासात गूळ घालतात तो आंबवणाऱ्या जिवाणूंना साखर कमी पडू नये म्हणून. गवताला त्याचा उपयोग होतो. (चांगल्या मक्यालाही खरे तर गुळाची गरज नसते.) पक्व उसात मात्र सुक्या वजनाच्या 40 ते 50 टक्के साखरच असते. एवढी साखर पाहून कांडीवर मुळातच असलेले यीस्ट माजते. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने इतर उपद्रवी जंतू मरतात, यीस्टला मात्र त्याचे काही वाटत नाही. 180 किलो ग्लुकोज आंबले की 92 किलो मद्यार्क आणि 88 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे निम्मे वजन थेट हवेत! तुमच्या बॅगा फुगल्या असतील, तर त्या याच वायूने. उसाच्या मुरघासावर सर्वाधिक काम ब्राझीलमध्ये झाले आहे. काहीही न मिसळलेल्या मुरघासात सुक्या वजनाचा पाव हिस्सा आणि त्याहूनही जास्त घट आल्याच्या नोंदी तिथे आहेत. तुम्ही वरून गूळ घालून यीस्टचीच पंगत वाढलीत.

तेव्हा उसात घालायचे ते यीस्टला आवरणारे काहीतरी. माझी पहिली पसंती युरियाला. टनाला 10 किलो, थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, कुट्टीच्या प्रत्येक थरावर सारखा फवारायचा. त्यातून सुटणारा अमोनिया यीस्टला आणि बुरशीला दाबतो. शिवाय उसात प्रथिने जेमतेम 2 ते 4 टक्के असतात, ती उणीवही नत्रामुळे बरीच भरून निघते. मात्र एका जागी गोळा झालेला युरिया जनावराचा जीव घेऊ शकतो. लहान वासरांना हा मुरघास देऊच नका, आणि मोठ्या जनावरांना थोड्यापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत सवय लावा.

दुसरा पर्याय कळीच्या चुन्याचा. टनाला 10 किलो चुना सुमारे 40 लिटर पाण्यात विरवून शिंपडतात. तो यीस्टला रोखतो आणि तंतू थोडे मऊ करतो. वाढ्यांवर आपण चुन्याची निवळी शिंपडतो ती ऑक्झलेटसाठी, त्याचा याच्याशी संबंध नाही. विरवताना चुना उकळतो, डोळे सांभाळा. चुना आणि युरिया एकत्र घालू नका, अमोनिया उडून जातो.

दुकानातले कल्चर घेणार असाल तर पाकिटावरचे नाव वाचा. नुसते ‘प्लांटारम’ असेल तर उसासाठी ते घेऊ नका. ते लॅक्टिक आम्ल वाढवते, आणि यीस्ट त्याला जुमानत नाही. हवे ते ‘बुकनेरी’. हा जिवाणू लॅक्टिक आम्लाचे काही प्रमाणात ॲसेटिक आम्ल करतो आणि त्यापुढे यीस्ट नमते. बॅग उघडल्यावर मुरघास लवकर तापतही नाही. 2020 पासून त्याचे शास्त्रीय नाव ‘लेंटिलॅक्टोबॅसिलस बुकनेरी’ झाले आहे, त्यामुळे जुने ‘लॅक्टोबॅसिलस’ दिसले नाही तरी गोंधळू नका. मीठ घातले काय, न घातले काय, यीस्टला फारसा फरक पडत नाही.

सध्याच्या बॅगांत बुरशी नसेल तर मुरघास खाऊ घाला. जोडीला सरकी किंवा शेंगदाणा पेंड हवीच, आणि उघडलेली बॅग लवकर संपवा. बुरशीचा भाग उकिरड्यावर टाका.

आता न विचारलेले सांगतो. ऊस हे उन्हाळ्यातही शेतात हिरवे उभे राहणारे पीक आहे. रोज तोडून ताजी कुट्टी घालणे जमत असेल, तर त्याचा मुरघास करूच नका. रान एकदम मोकळे करायचे असेल किंवा तोडायला माणसेच मिळत नसतील, तेव्हाच तो खर्च परवडतो.