मोडीतील शिसे : उपयोग आणि दक्षता

बुलढाणा जिल्ह्यात नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारख्या जलाशयांवर मासेमारी चालते. जाळे पाण्यात बुडावे म्हणून त्याच्या कडेस शिशाचे मणी ओवण्याची रीत जुनी आहे. दुसरीकडे ट्रॅक्टर व इन्व्हर्टर यांच्या निकामी बॅटऱ्याही आता खेडोपाडी आढळतात. साहजिकच मोडीतील शिसे घरच्या घरी वितळवून त्याची लगड पाडण्याचा विचार काहींच्या मनात येतो. त्यातील धोका समजून घेणे अगत्याचे आहे.

शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या चुलीवरही त्याचा रस होऊ शकतो. परंतु काम सोपे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. शिशाची सूक्ष्म धूळ व धूर श्वासावाटे, तसेच हात व अन्न यांवाटे शरीरात जातात. हे विष हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. बालकांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते व त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

बॅटरी घरी फोडू नये

बॅटरीच्या पट्ट्यांत शुद्ध शिसे थोडे, त्याची संयुगेच अधिक असतात. त्यांचा लगदा चुलीवर वितळत नाही. त्याची विषारी भुकटी मात्र घरभर पसरते. आम्लाने अंग भाजते ते वेगळेच. सेनेगल देशात दाकार शहराजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांच्या शिशाने दूषित झालेली माती घरोघरी चाळली जात असे. तेथे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात अठरा बालके दगावली.

स्वच्छ शिसे वितळविताना

जुने मणी वा वजने यांसारखे स्वच्छ शिसेही जाणत्या कारागिराकडून वितळवून घेणेच श्रेयस्कर. काम करणे भागच असेल, तर पुढील दक्षता घ्यावी :

१. काम वस्तीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. मुले व गरोदर स्त्रिया यांना जवळ येऊ देऊ नये.

२. भांडे जाड लोखंडाचे व याच कामासाठी राखलेले असावे, ॲल्युमिनियमचे नसावे. त्याचा बूड लाल होऊ देऊ नये.

३. मोड, पळी व साचा पूर्ण कोरडे असावेत. रसात पाण्याचा थेंब गेल्यास त्याची क्षणार्धात वाफ होऊन रस उसळतो.

४. चष्मा, चामडी हातमोजे व अंगभर सुती कपडे वापरावेत. तोंडाला बांधलेला रुमाल धुरापासून रक्षण करीत नाही.

५. रसावरील राखट मळी झाकणाच्या डब्यात ठेवावी. शेतात वा उकिरड्यावर टाकू नये. जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हात साबणाने धुतल्याखेरीज खाऊ नये. कपडे वेगळे धुवावेत.

ग्रामपंचायत आणि शाळा

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये निकामी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपविणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे देणे हा त्याचा सुलभ मार्ग होय. गावात कोठे बॅटऱ्या फोडल्या जात असल्यास ग्रामपंचायतीने ते काम थांबवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. तेथील मुलांना पोटदुखी, फिकटपणा वा अभ्यासातील मंदपणा जाणवल्यास शिक्षकांनी पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. रक्ततपासणीने शिशाचे प्रमाण कळू शकते.

मोडीतील शिशाला मोल आहे हे खरे. पण त्यासाठी घरातील मुलांचे आरोग्य पणास लावू नये.