अग्निशमन अभियांत्रिकीचा अभ्यास

एका खोलीत ३३० किलोग्रॅम लाकडी सामान आहे. दार बंद असून खोलीला एकच उघडी खिडकी आहे. तिचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर व उंची एक मीटर आहे. खोली पूर्णपणे पेटल्यावर हे सामान किती वेळ जळत राहील? अग्निशमन अभियांत्रिकीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अशा धर्तीचा प्रश्न पहिल्यांदा येतो तेव्हा तो गोंधळतो. सामानाचे वजन विचारले हे ठीक; पण खिडकीची मापे कशासाठी दिली?

उत्तर त्या मापांतच आहे. खोली पूर्ण पेटल्यावर लाकडाला तोटा नसतो, तोटा असतो हवेचा. ही हवा खिडकीच्या खालच्या भागातून आत शिरते व तापलेला धूर वरच्या भागातून बाहेर पडतो. म्हणजे खिडकी जेवढी हवा आत घेईल तेवढेच लाकूड जळणार. जपानमधील संशोधक कुनिओ कावागोए यांनी १९५० नंतरच्या दशकात खऱ्याखुऱ्या खोल्या जाळून पाहिल्या आणि एक साधे सूत्र मांडले. खिडकीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्यास उंचीच्या वर्गमुळाने गुणावे आणि आलेल्या संख्येची साडेपाच पट करावी, म्हणजे दर मिनिटाला किती किलोग्रॅम लाकूड जळते ते कळते. आपल्या उदाहरणात हा आकडा ११ येतो. ३३० किलोग्रॅम सामान सुमारे अर्ध्या तासात जळून जाईल. ज्या इमारतीच्या भिंती व तुळया अर्धा तासही आगीपुढे टिकणार नाहीत, तिच्यात जवान पाठविताना अधिकाऱ्याने हे गणित मनात करून ठेवलेले बरे.

हेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. एक किलोग्रॅम लाकूड जळताना ढोबळ मानाने १६ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते असे धरले, तर मिनिटाला सुमारे १७६ मेगाज्यूल उष्णता निर्माण होईल. आता पाण्याकडे पाहू. २० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापविण्यास सुमारे ०.३३ मेगाज्यूल उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास २.२६ मेगाज्यूल लागते. ही अप्रकट उष्मा हेच पाण्याचे खरे सामर्थ्य होय. पाणी नुसते ओले करते म्हणून आग विझते ही समजूत चुकीची नसली तरी फार अपुरी आहे. आगीतली उष्णता पाणी पिऊन टाकते ते वाफ होताना. दोन्ही मिळून लिटरमागे सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता शोषली जात असेल, तर कागदावर ती खोली मिनिटाला ६८ लिटर पाण्याने काबूत यावयास हवी. एवढे पाणी घरातल्या चार-पाच बादल्यांत मावते.

प्रत्यक्षात मात्र २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून चार बार दाबाने पाणी सोडले, तर मिनिटाला ५३० लिटरहून अधिक पाणी बाहेर पडते, आणि तरीही कधी कधी आग दाद देत नाही. कारण पाण्याची जाड धार ज्वाळांतून आरपार जाऊन भिंतीवर आपटते व जिन्यावरून खाली वाहून जाते. तिचा फार थोडा भाग वाफ होतो. तेच पाणी बारीक थेंबांच्या रूपाने फवारले, तर थेंबांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो व ते उष्णता झपाट्याने घेतात. मात्र यालाही दुसरी बाजू आहे. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. बंद खोलीत जवान असेल आणि वाफेस बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ती वाफ त्यालाच भाजून काढील. त्यामुळे फवारा केव्हा मारावा, धार केव्हा मारावी आणि खिडकी आधी फोडावी की नंतर, या प्रश्नांना एकच एक उत्तर नाही. आणि हे समजणे हाच या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

या विद्येला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊन फार काळ झालेला नाही. अग्निशमन अभियंत्यांची संस्था ब्रिटनमध्ये १९१८ साली स्थापन झाली आणि तिने परीक्षा घेऊन सभासदत्व देण्याची पद्धत पाडली. भारतात राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले व पुढच्याच वर्षी ते नागपूरला हलविण्यात आले. आज तेथे पदवीचा अभ्यासक्रमही चालतो. परंतु पदवीच्या वर्गात बसणाऱ्या तरुणाइतकाच दुसरा एक विद्यार्थी ध्यानात घेण्याजोगा आहे. तो आधीच नोकरीत असतो, रात्रपाळीत घंटा वाजली की वही मिटून गाडीकडे धावतो आणि परत आल्यावर, अंगाचा धुराचा वास गेलेला नसतानाच, पुन्हा वर्गमुळे काढू लागतो. शाळा सुटून दहा-पंधरा वर्षे झालेल्या माणसाला हे सोपे जात नाही. आगीचा अनुभव त्याच्यापाशी भरपूर असतो. अडते ते त्या अनुभवाचे कारण लिहून दाखविण्यापाशी.

अनुवाद करताना येथे शब्दांचीही अडचण येते, ती सांगून टाकलेली बरी. ज्या किमान तापमानाला द्रवातून पेटण्याइतकी वाफ निघू लागते त्याला कोशांत एकाहून अधिक मराठी प्रतिशब्द सापडतात. पण अग्निशमन केंद्रात सगळेजण ‘फ्लॅश पॉइंट’ असेच म्हणतात. म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत उघड्या पेट्रोलवर पेटण्याजोगी वाफ असतेच. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट पस्तीस अंशांहून अधिक असतो. थंडीत रॉकेलच्या उघड्या डब्यात काडी पडली तर ती बहुधा विझते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली तशी खात्री देता येत नाही.

वायूंच्या बाबतीत प्रमाण महत्त्वाचे. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारणपणे दोन टक्क्यांहून कमी असला तर पेटत नाही आणि नऊ-दहा टक्क्यांहून अधिक झाला तरीही पेटत नाही, कारण मग हवा कमी पडते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तेवढेच उंच स्वयंपाकघर घेतले, तर त्यात २७ घनमीटर हवा मावते. तिचे दोन टक्के म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडे अधिक. एवढा गॅस वजनाने सव्वा किलोग्रॅमच्या आसपास भरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो हे लक्षात घेतले, म्हणजे त्याचा बारावा हिस्सा गळला तरी सारे घर स्फोटक होऊ शकते हे कळते. शिवाय हा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि तेथे याहूनही कमी गळती पुरते. नाकाशी वास मंद आहे म्हणून पायाशी धोका कमी आहे असे समजू नये.

जलगतिकीचा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, आणि परीक्षेत गुणही बहुतेक तेथेच जातात. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब खर्ची पडतो, एवढे तोंडपाठ असते. पण नळीतील घर्षणाचा हिशेब तसा सरळ नाही. पाण्याचा प्रवाह दुप्पट केला की घर्षणात जाणारा दाब चौपट होतो; आणि तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून नेऊ म्हटले, तर तो तब्बल ३२ पट होतो. तरुण जवान वजनाला हलकी म्हणून बारीक नळी उचलतो, आणि वरच्या मजल्यावर नोझलमधून पाणी नुसते ठिबकते. नोझलचा मागे बसणारा धक्काही मोजता येतो. वर सांगितलेल्या २० मिलिमीटरच्या धारेचा धक्का सुमारे पंचवीस किलोग्रॅम वजनाच्या ओझ्याइतका असतो. हे ओझे शिडीवर उभे राहून पेलावयाचे असेल तर एक माणूस पुरणार नाही, हे कागदावरच ठरते.

पंपाने विहिरीतून पाणी खेचण्याचेही असेच आहे. पंप पाणी ओढतो ही आपली बोलण्याची पद्धत. वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी १०.३ मीटरपर्यंत चढवू शकतो, व्यवहारात सात-आठ मीटरच मिळतात. सिमल्यासारख्या उंच ठिकाणी मूळ आकडाच आठ मीटरांच्या आसपास येतो. मैदानात चांगला चालणारा पंप डोंगरावर बिघडला असे वाटते ते पुष्कळदा यामुळे.

आता धुराविषयी. आगीत माणसे जळून मरतात असा समज आहे; पुष्कळ आगींत ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच धूर त्यांचा जीव घेतो. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे मृत्युमुखी पडली. आग लागली होती ती खाली, वाहनतळाच्या मजल्यावरील विद्युत रोहित्रापाशी. धूर वर चढला व बाल्कनीत साचला. जादा खुर्च्या बसविताना बाल्कनीतील बाहेर जाण्याची एक वाट बंद करण्यात आली होती. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो; रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसाला दार समोर असूनही उठवत नाही. इमारतींच्या नियमावलीतील जिन्यांची रुंदी, दारापर्यंतचे अंतर, दार कोणत्या बाजूला उघडावे यांविषयीची कलमे विद्यार्थी नाइलाजाने पाठ करतो. त्या कलमांच्या जोडीला ही घटना वाचावयास दिली, तर त्यांतील आकडे पाठ करावे लागत नाहीत.

पण भारतातील अग्निशमनाच्या विद्यार्थ्याला एखादीच घटना सविस्तर अभ्यासावयाची असेल तर ती १४ एप्रिल १९४४ ची मुंबईची होय. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी मांडणी होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, नळ्या लागल्या, पाणी सुरू झाले.

दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. ती आतल्या आत धुमसू शकते, आणि वरून ओतलेले पाणी तिच्या गाभ्यापर्यंत सहजी जात नाही. धुरामुळे आगीची नेमकी जागा दिसत नव्हती. जवान पाणी ओतीत राहिले. ते नऊशे टनांहून अधिक झाले. कापसाची गाठ पाण्याहून हलकी. तळघरात पाणी चढू लागले तशा जळत्या गाठी तरंगत वर येऊ लागल्या, म्हणजेच स्फोटकांच्या जवळ जाऊ लागल्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

वर्गात हा प्रसंग सांगितल्यावर हमखास विचारले जाते : मग त्यांनी काय करावयास हवे होते? जहाज गोदीबाहेर ओढून न्यावे, की ते तेथेच बुडवावे? ओढून नेण्यास वेळ लागतो आणि स्फोट वाटेत, भर बंदरात होऊ शकतो. बुडवावे तर धक्क्यापाशी पाणी तेवढे खोल नसते. पाणी मारणे थांबवावे तर आग मोकळी सुटते. शिवाय जहाजावर पाणी ओतण्याचा स्वतंत्र धोका आहेच. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या प्रचंड जहाजाला आग लागली होती. ती विझविण्यासाठी ओतलेले पाणी वरच्या मजल्यांवर साचून एका अंगास गेले आणि जहाज धक्क्यालाच कलंडले.

आणखी एक गोष्ट चौकशीतून पुढे आली. त्या दुपारी धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे अधिकारी होते, लष्कराची माणसे होती, गोदीचे अधिकारी होते. जहाज हलवा किंवा बुडवा असा अंतिम हुकूम देण्याचा अधिकार यांपैकी कोणा एकाकडे स्पष्टपणे नव्हता. घटनास्थळावर निर्णय कोणी घ्यावयाचा, त्याने प्रथम कोणती माहिती मागावी, मालाची यादी कोणाच्या हाती असावी, हे प्रश्न आज ‘अग्निस्थळावरील नियंत्रण’ या मथळ्याखाली अभ्यासक्रमात येतात. विद्यार्थ्याला जहाजाचा आडवा छेद काढावयास सांगावे, कापूस व स्फोटके कोठे ते दाखवावयास सांगावे, पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी किती चढली असेल ते रेखाटावयास सांगावे, आणि मग विचारावे : सव्वातीन वाजता तुम्ही तेथे पोहोचलात, तर पहिला प्रश्न कोणाला विचाराल? या उत्तराला किती गुण द्यावयाचे याविषयी परीक्षकांमध्येही मतभेद होतील.