शंख, डोल आणि कान : देशावरील काव्यानुभवातील समुद्रध्वनी

मराठी काव्यातील समुद्राचा विचार बहुधा प्रतिमेच्या अंगाने होत आला आहे. भवसागर, ज्ञानसागर, करुणासागर अशी रूपके मोजली जातात. समुद्र कानावाटे शरीरात कोठवर उतरतो, हा प्रश्न मागेच राहतो. किनाऱ्यावरील वाचकाला तो सहसा सुचत नाही, कारण गाज त्याच्या सवयीची झालेली असते. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावी मात्र तो प्रकर्षाने उभा राहतो. मध्ये सह्याद्री आडवा. भीमेचे पाणीसुद्धा कृष्णेत मिळून पूर्वेस, बंगालच्या उपसागरास जाते. येथील श्रोत्यापर्यंत समुद्र आला तो मुख्यतः दोन वाटांनी : शंख आणि गीत.

शंख ही पूजेची वस्तू म्हणून इतकी परिचयाची झाली आहे की तो एका सागरी जीवाचे कवच आहे, याचा विसर पडतो. तो वाजतो तेव्हा फुंकणाऱ्याचे ओठ थरथरतात आणि त्या कंपाने शंखाच्या वळशांतील हवेचा स्तंभ घुमू लागतो. म्हणजे नाद समुद्राच्या देहाचा आणि श्वास माणसाचा. उलट शंख कानाशी धरल्यावर जी गाज ऐकू येते, ती समुद्राची नसते. भोवतालचाच आवाज त्या पोकळीत घुमून परत येतो. ती आपल्याच रक्ताभिसरणाची असते ही समजूतही खरी नाही. क्रोएशियातील झादर येथे निकोला बाशिच या वास्तुशिल्पज्ञाने 2005 मध्ये किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली 35 नळ्या बसवून लाटांकडूनच हवा ढकलविली व सागराचे वाद्य सिद्ध केले. तेथे माणूस केवळ श्रोता उरतो. शंखात मात्र फुंकणाऱ्याची छाती भरल्याशिवाय काहीच घडत नाही.

ज्ञानेश्वरीत (शके 1212) या दोन्ही अवस्थांची जोड सापडते, हे लक्षणीय आहे. पहिल्या अध्यायात पांचजन्याच्या नादाने दिशा कोंदून जातात. दुसऱ्यात स्थितप्रज्ञाच्या वर्णनात नद्यांचे पाणी येऊनही न उचंबळणारा समुद्र येतो. एक समुद्र ऐकू येतो, दुसरा केवळ जाणवतो. प्रवरेकाठी नेवाशास झालेल्या या ग्रंथात समुद्राचे स्थैर्य इतके प्रत्ययकारी व्हावे, हा अनुभवाचा की परंपरेने दिलेल्या दृष्टान्ताचा प्रभाव, याचा निर्णय करणे अवघड आहे. आणि करकंबकरांच्या नित्य परिचयाच्या विठ्ठलमूर्तीच्या डाव्या हाती परंपरेने शंखच मानला जातो. तो कटीवर टेकलेला, न वाजणारा.

दुसरी वाट गीतांची. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गं’ ही कोळीगीते शान्ता शेळके यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या. पहिले हेमंतकुमार व लता मंगेशकर यांनी गायिले. आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्यामार्फत ती देशावर घरोघर पोहोचली. कवयित्रींचा जन्म (1922) इंदापूरचा, म्हणजे याच भीमेच्या खोऱ्यातला. किनाऱ्याची बोली आणि वल्ह्याची लय त्यांनी कानाने आत्मसात केली असणार, असे म्हणण्यास जागा आहे. या गीतांचा ठेका आघात आणि विसावा असा चालतो. ऐकणाऱ्याचे खांदे नकळत तो उचलतात. आषाढी वारीत टाळ धरून चाललेल्या देहाला अशी चाल अपरिचित नाही.

पण येथेच एक हानी घडते, आणि ती झाकून ठेवणे उचित नव्हे. ‘डोल’ म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून तोंड उघडे ठेवलेले पिशवीसारखे जाळे. त्यावर उपजीविका करणारा तो डोलकर. देशावरील कानाला मात्र त्या शब्दात ‘डोलणे’ ऐकू येते. जाळे नाहीसे होते, लाटांवर झुलणारा देह उरतो. कष्टाचे नाव अशा रीतीने आनंदाचे क्रियापद बनते. काव्यानुभव म्हणून हा अपभ्रंश सुंदर आहे. कोळ्याच्या बाजूने पाहता तो अन्यायही आहे. गीतांच्या लोकप्रियतेचा गौरव करताना अभ्यासकांनी या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे पाहिलेले दिसत नाही.

सावरकरांच्या ‘सागरास’ (ब्रायटन, 1909) या कवितेतील नाते याहून निराळे. तेथे समुद्र ऐकविण्यापेक्षा त्याला ऐकावयास लावणे आहे. ध्रुपदात प्राणाची तगमग आणि समुद्राची हाक एकाच श्वासात येते. समुद्र न पाहिलेल्या गावातही ती हाक कळते, याचे कारण बहुधा भाषेतच आहे. ऊर भरून येतो, मन उचंबळते, दुःखाला भरती येते, उत्साहाला ओहोटी लागते : हे शब्द करकंबच्या बाजारातही चालतात, आणि ते वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी भरती कधी पाहिलेली नसते.