कानातला बिल्ला

कुही

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोलला असतास तर मी मध्येच रागावलो असतो आणि तू अर्धं सांगून थांबला असतास. लिहिलंस हे बरं केलंस. २०२४ च्या खरिपात नदीकडची तीन एकर पडीक जमीन तू विम्यात सोयाबीन म्हणून दाखवलीस. पाणी शिरल्याची तक्रार ७२ तासांच्या आत टाकलीस. पाहणीला माणूस आला तेव्हा शेजाऱ्याच्या बुडालेल्या सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढू दिलास, आणि खात्यात ११,४०० रुपये पडले. आता गावोगाव कागद तपासताहेत असं कानावर आल्यापासून झोप नाही म्हणतोस.

एवढं सगळं सरळ लिहिलंस. पण चार पानांत एक वाक्य तीनदा आलंय, "ऑनलाइनवाल्या पोरानंच भरून दिलं." मी हे पत्र मुख्यतः त्या वाक्यासाठी लिहितोय.

एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही ती पुरती ठाऊक नाही. साल १९८८. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी त्याच वर्षी एप्रिलात झाली होती, आणि आपल्याकडे जो तो कोणाचं वावर बुडणार हेच बोलत होता. मला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात बँकेच्या कर्जावर म्हैस मिळाली होती. तिचा विमा होता, कानात नंबराचा पितळी बिल्ला होता. बिल्ला नाही तर दावा नाही, हा जनावरांच्या विम्याचा पहिला नियम. गोठ्यात घरची दुसरी म्हातारी म्हैस होती, तिचा विमा नव्हता. श्रावणात तिला घटसर्प झाला, गळा सुजला आणि एका रात्रीत गेली.

मी कंदील घेतला, पकड घेतली आणि जित्या म्हशीच्या कानातला बिल्ला काढायला गेलो. तिनं मान झटकली, कानाची पाळ फाटली. तोच बिल्ला दाभणानं भोक पाडून मेलेलीच्या कानात अडकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. खाली बसून त्यांनी तो कान दोन बोटांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मेलेल्या जनावराला भोक पाडलं की रक्त येत नाही, कड सुजत नाही; जखम पांढरट, कोरडी राहते. मला ते ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. मग त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. तिथं दुसरी म्हैस कान फडफडवत होती, कानावर माशा बसल्या होत्या. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "आज मी काही लिहीत नाही. उद्या सकाळी दवाखान्यात ये."

सकाळी मी गेलो आणि म्हणालो, "आमच्या सालदारानं केलं, मला माहीत नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, "त्याला बोलावू?" मी मान खाली घातली. त्यांनी बोलावलं नाही, दाखलाही दिला नाही. पण गोष्ट दवाखान्यातून चहाच्या टपरीवर आली आणि टपरीवरून सालदाराच्या घरी गेली. तो भांडला नाही. पोळ्याला आपल्याकडे सालदाराला पहिलं जेवायला बसवतात. त्या पोळ्याला तो आला नाही. त्याचं वाढलेलं पान तसंच राहिलं, आणि तुझ्या आजीनं मला काही विचारलं नाही, नुसतं ते पान उचललं.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मग डॉक्टरांकडे आणि बँकेत गेलो, आणि माझ्या हातानं लिहून दिलं की हे मी केलं. त्याची किंमतही मोजली. बँकेनं पुढं मला कर्ज दिलं नाही. त्या म्हशीचा विमा पुन्हा कोणी उतरवला नाही, १९९० च्या उन्हाळ्यात ती मेली, आणि मेलेल्या म्हशीच्या कर्जाचे हप्ते मी भरत राहिलो. पण ते सोसता आलं. दाव्याचा कागद मागे घेता आला. सालदारावर घातलेला आळ गावभर फिरला होता, तो मागे घेता आला नाही. पाडव्याला त्याचं साल संपलं आणि तो दुसऱ्याकडे लागला.

म्हणून सांगतो, त्या पोरानं अर्ज भरला असेल. त्याला एका अर्जामागे ४० रुपये मिळत होते, त्याला घाई होती हेही खरं. त्याचं त्याला विचारायला सरकार आहे. पण फोटोत तू उभा आहेस, पैसे तुझ्या खात्यात आले आहेत. तुझ्या अर्जात त्याचं नाव आधी आलं तर ती कबुली राहत नाही, तक्रार होते.

तू लिहितोस, कंपनीचेच तर पैसे, कंपन्या काय कमी कमावतात. बापा, हिशेब नीट समजून घे. आपल्या राज्यात तेव्हा बीड पॅटर्न होता, म्हणजे ८०:११०. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली की वरचे पैसे राज्य सरकार देणार. ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं २० टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत करायचं. खोटी भरपाई कंपनीच्या गल्ल्यातूनच जाते असं नाही, फिरून ती सरकारी तिजोरीतून जाते. आणि २०२३ पासून तर शेतकऱ्याचा हप्ताही सरकार भरत होतं, तू भरलास तो एक रुपया.

तो रुपयाही गेला. राज्यभर सरकारी जमिनी, गायरानं, न लावलेला कांदा, नसलेल्या फळबागा विम्यात निघाल्या. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आपण भरायचा. त्याहून मोठं गेलं ते म्हणजे वावरात पाणी शिरलं म्हणून ७२ तासांत तक्रार करायची सोय. त्या खरिपापासून भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर ठरू लागली. सरकारनं बोगस अर्जांचं कारण पुढं केलं. पैसे वाचवायचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ते कारण त्यांच्या हातात आपल्यासारख्यांनीच दिलं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस संजय सरोवर धरणाचं पाणी सुटून वैनगंगा फुगली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तसा पूर पुन्हा आला तर नदीकाठचा एकटा बुडालेला माणूस मंडळाच्या सरासरीत कुठे दिसणार? तुझा शेजारी दिसणार नाही.

आता कायद्याचं. घाबरवत नाही, लपवतही नाही. फसवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, पूर्वीचं चारशे वीस. ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पैसे परत केले म्हणून गुन्हा आपोआप पुसला जात नाही. नव्या नियमांत अशा शेतकऱ्याला काळ्या यादीत टाकायचीही तरतूद आहे. ई-पीक पाहणीत ती जमीन पडीक आणि विम्यात सोयाबीन, हे दोन कागद कोणीतरी शेजारीशेजारी ठेवणारच. त्याआधी गेलास तर वागणूक वेगळी मिळेल अशी मला आशा आहे, पण हमी मी देत नाही. काहीही लिहून द्यायच्या आधी वकिलाला विचार. फी झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे चौकशी कर, लाजू नकोस.

पैशांची काळजी करू नको. आमच्या मिरचीचे पैसे आले आहेत. तुझी मामी मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला जाते, तिचेही थोडे साठले आहेत, तिनंच काढून ठेवले. पुढच्या हंगामात फेडशील. फक्त परत करण्याचा अर्ज तुझ्या नावानं, तुझ्या हातानं लिहायचा. मी लिहून देणार नाही.

सोमवारी पहिल्या एसटीनं कुहीला ये. सातबारा, आठ-अ, पासबुक, विम्याची पावती आणि तक्रारीचा नंबर घेऊन ये. आधी वकिलाकडे जाऊ, मग कृषी कार्यालयात. तू आत जा, मी बाहेर बाकावर बसतो. आईला सांगून ये. तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

आणि रविवारीच शेजाऱ्याकडे जाऊन ये. फोटो त्याच्या वावरातला आहे.

तुझा,
मामा