नांदेडचा गुरुद्वारा

मुलांनो, प्रवासात कधी नांदेडला उतरलात, तर सचखंड गुरुद्वारा जरूर पाहा. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त आहे. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली गोदावरीकाठच्या या गावी निधन झाले. पुढे महाराजा रणजितसिंग यांनी येथे ही भव्य वास्तू उभारली.

‘आपला धर्म वेगळा, आत कसे जावे?’ असा संकोच तुम्हांला वाटेल. पण दार सर्वांसाठी उघडे असते. जोडे बाहेर ठेवा. हातपाय धुवा. दर्ग्यात जाताना डोक्यावर रुमाल घेतात, तसा येथेही घ्या. आत शांतपणे बसा.

नंतर लंगरात जा. तेथे श्रीमंत आणि गरीब एकाच पंगतीत जमिनीवर बसतात. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्या. जेवणाचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र ताटात काही टाकू नका. वेळ असेल, तर भांडी घासायला हात लावा. यालाच ‘सेवा’ म्हणतात.

शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात सूफी संत बाबा फरीद यांची वचने आहेत आणि महाराष्ट्राच्या संत नामदेवांची पदेही आहेत. दोघांना एकाच ग्रंथात जागा मिळाली. मग एका पंगतीत बसायला आपण का लाजावे?

शब्दार्थ : संकोच – झिजक, वास्तू – इमारत, पंगत – जेवणाऱ्यांची रांग

प्रश्न :
१. गुरुद्वाऱ्यात जाण्यापूर्वी काय काय करावे?
२. पाहुणा तुमच्या मोहल्ल्यात आला, तर त्याचा संकोच तुम्ही कसा दूर कराल?